किनाऱ्याचं तोंड कुठे आहे, ते आधी पाहा

मेक्सिकोच्या समुद्रकिनारी सुट्टीला जायचं तर मुक्काम नेमका कुठे करावा, याबद्दल मुंबईतल्या वाचकांनी विचारलेले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (मुलुंड) : मे महिन्यात आम्ही न्यू जर्सीला दिरांकडे जाणार आहोत. तिथून सहा रात्रींसाठी मेक्सिकोला जायचा विचार आहे. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे असे पाच जण. कॅनकून, प्लाया देल कार्मेन की तुलुम? मुलीला समुद्रात खेळायचंय आणि सासऱ्यांचे गुडघे दुखतात.

उत्तर : कॅनकून. पण कॅनकूनमध्ये कुठेही नव्हे, हॉटेल झोनच्या उत्तरेकडच्या आखूड पट्ट्यात.

आपल्या गिरगाव, दादर, जुहू या सगळ्या चौपाट्या पश्चिमेकडे तोंड करून आहेत. त्यामुळे किनाऱ्याची दिशा बघायची आपल्याला सवय नाही. मेक्सिकोत तीच आधी बघायची, हॉटेलचे तारे नंतर. कॅनकूनपासून तुलुमपर्यंतचा सुमारे १३० किलोमीटरचा किनारा पूर्वेकडे उघडा आहे आणि तिथे वर्षातला बराच काळ वाराही पूर्वेकडूनच येतो. त्या वाऱ्याबरोबर सार्गासम नावाचं तपकिरी, तरंगतं समुद्री शेवाळ किनाऱ्याला लागतं. २०११ पासून अटलांटिक महासागरात या शेवाळाचा प्रचंड पट्टा तयार होऊ लागला आणि २०१८ साली तर मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर त्याचे ढीग साचले होते. मार्च-एप्रिलपासून ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत त्याचा जोर असतो, म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी ऐन मोसमात येते. ताजं असताना ते फक्त अंगाला चिकटतं. वाळूवर पडून कुजलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. सडक्या अंड्यांसारखा वास येतो, दमा असलेल्यांना त्रास होतो, चांदीचे दागिनेही काळे पडतात. हॉटेलवाले समुद्रात अडसर लावतात, पहाटे ट्रॅक्टरने वाळू साफ करतात. पण वारा जोरात असेल तर दुपारपर्यंत पुन्हा थर साचतो.

आता कॅनकूनचा नकाशा समोर घ्या. हॉटेल झोन म्हणजे समुद्र आणि निचुप्ते खाजण यांच्यामधली वीस-बावीस किलोमीटरची अरुंद पट्टी, आकार इंग्रजी सातच्या आकड्यासारखा. तिच्यातून कुकुल्कान नावाचा एकच मोठा रस्ता जातो आणि पत्ता किलोमीटरच्या खुणेने सांगतात. साधारण ३ ते ९ किलोमीटर हा सातची आडवी, वरची रेघ. तिचं तोंड उत्तरेला आहे, समोर इस्ला मुहेरेस बेटाची आड आहे, त्यामुळे पाणी शांत आणि उथळ. शेवाळही तिथे पुष्कळ कमी लागतं. ९ किलोमीटरच्या कोपऱ्यानंतर रेघ खाली वळते आणि थेट पूर्वेकडे तोंड करते. जाहिरातीतला निळा-हिरवा रंग असतो तो बहुतेक याच लांब भागातला. तिथली वाळू रुंद आणि सुंदर आहे, पण पाण्यात दोन-चार पावलांवर तळ एकदम खोल जातो आणि परतणारी लाट पाय ओढते. आठ वर्षांच्या मुलीसाठी ही जागा नाही.

म्हणून ३ ते ७ किलोमीटरमधलं हॉटेल घ्या. ९ च्या आसपास नाइट क्लब आहेत आणि आवाज पहाटेपर्यंत चालतो, तिथे सासू-सासऱ्यांची झोप होणार नाही. या पट्ट्यातली हॉटेलं जरा जुनी आहेत, वाळूही अरुंद आहे. तेवढं सोसावं, कारण मुलगी दिवसभर पाण्यात असेल.

गुडघ्यांसाठी हॉटेलला ईमेल करून तीन गोष्टी विचारा : खोलीपर्यंत लिफ्ट आहे का, खोलीपासून वाळूपर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि आवार मोठं असेल तर आत बॅटरीची गाडी फिरते का. ‘बीचफ्रंट’ एवढ्यावर विसंबू नका. वाळूच्या टेकाडावर बांधलेल्या हॉटेलांतून समुद्र समोर दिसतो, पण खाली उतरायला दोन मजल्यांइतका जिना असू शकतो. भरतीत वाळू बुडेल ही काळजी मात्र करू नका. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी पाच मीटरच्या जवळ जातं, कॅनकूनला मात्र भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरहूनही कमी असतो.

किनाऱ्यावरचे झेंडे मुलीला पहिल्याच दिवशी समजावून सांगा. हिरवा म्हणजे पाणी ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, काळा म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही. आणि खाजणाच्या बाजूला संध्याकाळी काठाशी जाऊ नका. तिथे मगरी आहेत, पाट्याही लावलेल्या आहेत.

सहा रात्रींत हॉटेल बदलू नका. सामान आवरण्यात आणि खोली मिळायची वाट बघण्यात अख्खा दिवस जातो. त्याऐवजी एक दिवस फेरीने इस्ला मुहेरेसला जा. पुएर्तो हुआरेस धक्क्यावरून साधारण वीस मिनिटं लागतात. बेटाच्या उत्तर टोकाला प्लाया नॉर्ते आहे, तिथे बरंच आत गेलं तरी पाणी कमरेएवढंच राहतं. शनिवार-रविवार टाळा.

प्लाया देल कार्मेन वाईट नाही. गाडी न घेता पायी हिंडायला, किंता अव्हेनिदा या पादचारी रस्त्यावर खायला-प्यायला आणि फेरीने कोसुमेल बेटावर जायला ते गाव सोयीचं आहे. पण मे महिन्यात तुम्ही त्याच्या समुद्रासाठी जाऊ नये. कॅनकून आणि प्लाया यांच्यामधल्या पुएर्तो मोरेलोस गावाचंही तसंच. समोरच्या प्रवाळामुळे लाटा मोडतात, पण शेवाळ सुटत नाही.

प्रश्न (गिरगाव) : जानेवारीत आम्ही दोघं तुलुमला चाललोय. ‘बीचजवळ’ म्हणून एक स्वस्त हॉटेल सापडलं, पण नकाशावर समुद्र चार किलोमीटरवर दिसतो. घ्यावं का?

उत्तर : चार किलोमीटर दिसत असेल तर ते तुलुम गावात किंवा गाव आणि समुद्र यांच्यामधल्या नव्या वस्तीत आहे. तुलुम हे नाव दोन वेगळ्या जागांना वापरतात, घोळ तिथेच होतो. गावात बसस्टँड, बाजार, माफक दरातल्या खोल्या आणि जेवण आहे. समुद्रकाठची हॉटेलं एकाच अरुंद रस्त्यावर ओळीने आहेत. जानेवारीत त्या रस्त्यावर गाड्या खोळंबतात आणि टॅक्सीला मीटर नसतो. दिवसातून दोनदा ये-जा केलीत तर खोलीत वाचवलेले पैसे टॅक्सीत जातील. सायकल चालवता येत असेल तर गावातली खोली चांगली, नाहीतर नाही.

काठावरच राहायचं असेल तर पैसे भरण्याआधी हे विचारा : एसी चोवीस तास चालतो की ठरावीक तासच? जनरेटर असेल तर तो खोलीपासून किती लांब आहे? त्या पट्ट्यातली बरीच हॉटेलं स्वतःच्या सोलर किंवा जनरेटरच्या विजेवर चालतात. रात्री एसी बंद होतो आणि खिडकी उघडली की डास येतात. फोटोत हे कळत नाही.

मेक्सिकोत कायद्याने सगळे समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत, पण वाळूपर्यंतची वाट बहुतेकदा खासगी जागेतून जाते. त्यामुळे बीच क्लबमधून जाताना ‘किमान इतक्याचं खा-प्या’ अशी अट असते. ती रक्कम बसण्याआधी विचारून घ्यावी.

जानेवारीत शेवाळ फार कमी असतं. मात्र ‘नोर्ते’ म्हणतात ते उत्तरेचे गार वारे अधूनमधून येतात. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहतं आणि बेटांच्या फेऱ्याही बंद पडू शकतात. म्हणून बेटावरची सहल शेवटच्या दिवसावर ठेवू नका. तुलुमला दोन रात्री पुरतात : एक सकाळ माया लोकांच्या कड्यावरच्या अवशेषांसाठी, दार उघडताच, आणि एक दिवस सेनोते, म्हणजे चुनखडीत तयार झालेली गोड्या पाण्याची कुंडं, पाहण्यासाठी. सेनोतेत उतरण्याआधी अंघोळ करायला लावतात आणि सनस्क्रीन चालत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट मुंबईहूनच न्या.

प्रश्न (दादर) : आम्ही साठी ओलांडलेल्या चार मैत्रिणी. दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये जायचंय. पोहणार कुणीच नाही. समुद्र, गाव आणि चालायला जागा हवी. पॅसिफिकची बाजू कशी?

उत्तर : तुमच्यासाठी पॅसिफिकचीच बाजू घ्यावी आणि तिथे पुएर्तो वायार्ता. सार्गासम त्या बाजूला नाही. पाऊस जून ते ऑक्टोबर, म्हणजे नोव्हेंबरात आभाळ मोकळं आणि मागचे डोंगर हिरवेगार. समुद्रालगत मालेकॉन नावाचा पायी फिरण्याचा सपाट रस्ता आहे, मरीन ड्राइव्हसारखा, पण गाड्यांशिवाय. तोंड पश्चिमेला असल्यामुळे सूर्य समुद्रात मावळताना दिसतो. पूर्वेकडच्या कॅनकूनला तो समुद्रातून उगवतो, मावळतो खाजणात.

राहण्याची जागा मात्र डोळसपणे निवडा. सोना रोमान्तिका या जुन्या भागात दुकानं, खानावळी, धक्का सगळं हाताशी आहे, पण रस्ते दगडगोट्यांचे आहेत आणि समुद्रापासून दोन-तीन गल्ल्या आत गेलं की चढ सुरू होतो. वरच्या इमारतींतून देखावा अप्रतिम आणि पायऱ्या शंभर. मालेकॉनलगत किंवा नदीच्या जवळचा सपाट भाग घ्या. मरीना हा भाग सपाट आणि शांत आहे, पण गावात जायला दरवेळी बस किंवा टॅक्सी. नुएव्हो वायार्तामध्ये मोठी रिसॉर्ट आहेत, ते शेजारच्या नायारित राज्यात येतं. तिथून गाव लांब पडेल आणि तुम्हाला हवी ती वर्दळ मिळणार नाही.

कुबड्या देवमाशांसाठी जायचं असेल तर तारीख डिसेंबरात न्या. ते थंडीत पुएर्तो वायार्तासमोरच्या उपसागरात येतात आणि डिसेंबर ते मार्च बोटीतून दिसतात.

बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाचं लोस काबोस वाळवंटी आणि देखणं आहे, पण महाग. तिथल्या बहुतेक किनाऱ्यांवर पाण्यात पाय घालणंही धोक्याचं. मेदानो, चिलेनो, सांता मारिया यांसारखे मोजके किनारेच उतरण्याजोगे. वादळांचं म्हणाल तर दोन्ही बाजूंचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात, मोठा धोका ऑगस्ट ते ऑक्टोबर. पॅसिफिकच्याच किनाऱ्यावरच्या आकापुल्कोवर ओटिस हे पाचव्या श्रेणीचं वादळ २५ ऑक्टोबर २०२३ ला आदळलं, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा घ्या आणि विमा काढताना वादळामुळे रद्द झालेली सहल त्यात येते का, ते वाचून घ्या.

विमान मेक्सिको सिटीवरून बदलणार असाल तर मध्ये किमान तीन तास ठेवा. इमिग्रेशन तिथेच होतं, बॅगा उतरवून कस्टम्समधून पुन्हा द्याव्या लागतात. ते शहर २,२४० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षा कितीतरी उंच. बॅगा घेऊन धावपळ केली तर धाप लागते.

प्रश्न (विलेपार्ले) : आम्ही शुद्ध शाकाहारी. ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे जेवणखाण धरून असलेलं, रिसॉर्ट घ्यावं की स्वयंपाकघर असलेला फ्लॅट?

उत्तर : अंडं चालत नसेल, किंवा रोज भात-वरण लागत असेल, तर फ्लॅट. तोही कॅनकून किंवा प्लाया देल कार्मेनमध्ये, कारण तिथे मोठी सुपरमार्केटं आहेत आणि तांदूळ, मसूर, दही, भाज्या सहज मिळतात. तुलुमच्या समुद्रकाठी रोजचा बाजार महागात पडतो.

बाहेर खाताना अडचण मांसापेक्षा चरबीची असते. दळदार दिसणारी राजम्याची उसळ, म्हणजे फ्रिहोलेस, बऱ्याच ठिकाणी ‘मान्तेका’त परततात. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. तांबडा भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. मैद्याच्या तोर्तियात, म्हणजे तिथल्या पोळीत, मान्तेका असू शकते, मक्याच्या तोर्तियात सहसा नसते, म्हणून मक्याचीच मागा. नुसतं ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हणालात तर अनेकांना ‘लाल मांस नको’ एवढंच कळतं आणि ताटात कोंबडी किंवा हॅम येतं. पूर्ण यादी म्हणा : सिन कार्ने, सिन पोयो (कोंबडी), सिन पेस्कादो (मासे), सिन हामोन (हॅम), सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो (कोंबडीचं पाणी). कागदावर लिहून स्वयंपाकघरात पाठवलंत तर अधिक बरं. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, निवडुंगाच्या पानांची नोपालेसची भाजी आणि ग्वाकामोले आपल्या जिभेला लगेच रुचतात.

इथून बंद पाकिटातला कोरडा खाऊ न्या. बिया, ताजी फळं-भाज्या आणि घरी केलेले दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात.

आणि इथली किटली नेऊ नका. तिथली वीज १२७ व्होल्ट, आपली २३०. आपली १,५०० वॅटची किटली तिथे साडेचारशे वॅटच देते, पाणी उकळायला तिपटीहून जास्त वेळ लागतो. तिथे घेतलेली किटली मुंबईच्या प्लगात लावली तर जळते. मोबाइलच्या चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असतं, त्याला फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

प्रश्न (बोरिवली) : अमेरिकेचा व्हिसा आहे. मेक्सिकोचा वेगळा काढावा लागेल का? आणि पैसे डॉलरमध्ये न्यावेत का?

उत्तर : अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन, जपान आणि शेंगेन व्हिसालाही हीच सवलत आहे. मात्र तो मेक्सिकोतल्या संपूर्ण मुक्कामात वैध हवा, आणि घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टवर, लहान मुलांच्याही. अमेरिकेत परत जायचं असेल तर तो एकाहून अधिक प्रवेशांचा हवा.

थोडे डॉलर असू द्या, पण खर्च पेसोत करा. तिथे पेसोचंही चिन्ह डॉलरचंच असतं, आणि घोटाळा त्यातूनच होतो. मेनूवर त्या चिन्हापुढे २०० दिसलं तर ते दोनशे पेसो, पण सहलीच्या दुकानात तेच चिन्ह अमेरिकी डॉलरसाठी असू शकतं. विचारल्याशिवाय हो म्हणू नका. कार्ड देताना किंवा एटीएमवर ‘रुपयांत घ्यायचं का’ असं विचारलं तर नको म्हणा आणि पेसोच निवडा, कारण रुपयांत घेतल्यावर दर तुमची बँक नव्हे, ते मशीन ठरवतं. कॅनकूनच्या हॉटेलांत पोचल्यावर रात्रीगणिक पर्यावरण शुल्क वेगळं घेतात. बुकिंगच्या रकमेत ते बहुधा धरलेलं नसतं, त्यामुळे ते किती आहे हे हॉटेलला ईमेलवरच विचारून ठेवा.