फवारणीनंतर मधमाश्यांच्या पेटीपुढे मेलेल्या माश्या दिसत नाहीत, तरी पेटी रिकामी का होते?

कारण त्या घरी पोचतच नाहीत. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही कीटकनाशक औषधं माशीच्या मज्जासंस्थेवर काम करतात. मात्रा कमी असली तर माशी लगेच मरत नाही, वाट चुकते. फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर चिमुकले टॅग चिकटवून हे तपासलं (२०१२): थायमेथोक्झामचा अत्यल्प अंश पाजलेल्या माश्या जास्त संख्येने बाहेरच राहिल्या. शिवाय वास लक्षात ठेवणं बिघडतं, आणि फुलांची दिशा सांगणारा तो नाच, ज्याचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं, तोही कमी होतो. गंमत म्हणजे माशीला या औषधांची चव कळत नाही, म्हणून ती टाळतही नाही.

आपल्या नाशिककडे खरी अडचण कांदा बियाण्याच्या प्लॉटची. डेंगळे (कांद्याचे फुलांचे दांडे) फुलले की थ्रिप्स, म्हणजे फुलकिड्यांसाठी फवारा सुरू, आणि माशी गेली की बी भरत नाही. संध्याकाळी फवारा म्हणतात, ते बरोबरच. पण ही आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरून पसरणारी औषधं मकरंदात उतरतात, त्यामुळे फुलोऱ्यात ती नकोतच. शेजारी द्राक्षबाग असेल तर फवारणीची वेळ आधी विचारून ठेवा.