रंग धावत नाही, सुटतो

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात पॅकिंगला असलेल्या ताईंचा प्रश्न आहे. टॉवेलला जी चिठ्ठी शिवतात, तिच्यावर इंग्रजीत 'कलर्स मे रन, वॉश सेपरेटली' असं असतं. आता तीच चिठ्ठी मराठीतही हवी आहे. संगणकाला विचारलं तर त्यानं दिलं, 'रंग धावू शकतात, वेगळे धुवा.' ताई लिहितात, "वाचून आम्ही सगळ्याजणी हसलो. पण मग बरोबर काय लिहायचं, ते कुणालाच सांगता येईना. रन म्हणजे धावणे हेच शाळेत शिकलो की आम्ही. आमच्या घरी तेलुगूत 'रंगु पोतुंदि' म्हणतात, तसं 'रंग जातो' लिहू का? आणि या रनचे अर्थ तरी आहेत किती?"

ताई, आधी चिठ्ठीचं काम उरकू. असं लिहा: 'नवीन असताना रंग सुटतो. पहिल्या दोन-तीन वेळा वेगळं धुवा.'

'जातो' का नको, ते सांगतो. कपड्याच्या रंगाचं नेमकं काय बिनसलं हे सांगायला मराठीत वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि ती सहसा एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दोरीवर उन्हात राहून चादर फिकी पडली, तर तिचा रंग उडाला. वर्षानुवर्षं वापरून, धुऊन तिचा तजेलाच गेला, तर ती विटली. बादलीतलं पाणी लाल झालं, तर रंग सुटला. त्याच बादलीतला पांढरा बनियन गुलाबी होऊन निघाला, तर त्याला रंग लागला. आणि ओल्या टॉवेलच्या लाल काठाची लाली शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यात शिरली, तर रंग पसरला. इंग्रजी 'रन'मध्ये शेवटचे तिन्ही प्रकार येतात. पहिले दोन येत नाहीत, त्यांना इंग्रजीत 'फेड' म्हणतात. 'रंग जातो' हे आपण उडण्यालाही म्हणतो आणि सुटण्यालाही म्हणतो. त्यामुळे 'रंग जाऊ शकतो' अशी चिठ्ठी वाचून गिऱ्हाईक टॉवेल खाली ठेवेल, त्याला वाटेल महिन्याभरात हा फिका पडणार. तुम्हाला सांगायचं आहे ते वेगळंच. गडद रंगाच्या कापडावर धाग्याला पक्का न बसलेला थोडा जादा रंग राहून गेलेला असतो. तो पहिल्या दोन-तीन धुण्यांत पाण्यात येतो आणि शेजारच्या कपड्यांना लागतो. टॉवेल तसाच लाल राहतो. एवढं सगळं 'सुटतो' या एका शब्दात बसतं.

तुमच्या तेलुगूत रंग 'जातो'. शेजारच्या कानडी घरात 'बण्ण बिडुत्तदे' म्हणतील, म्हणजे कापड रंग 'सोडतं'. सोलापुरात या तिन्ही भाषांचं धुणं एकाच नळावर होतं, आणि तिघींपैकी एकीच्याही घरी रंग धावत नाही. तुम्ही सगळ्याजणी हसलात ते अगदी बरोबर हसलात. व्याकरण सांगता आलं नाही म्हणून भाषा येत नाही असं समजू नका. चूक कानाला आधी कळते, कारण नंतर सापडतं.

आता रनचे अर्थ. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम करताना 'रन'नं त्याला मागे टाकलं. क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ संपादकांनी वेगळे काढले. पीटर गिलिव्हर या एकाच संपादकाचे त्यात नऊ महिने गेले. म्हणजे 'रन म्हणजे धावणे' हे शाळेतलं उत्तर चुकीचं नाही, पण ते ६४५ पैकी एक आहे.

इतके अर्थ आले कुठून? आपण मनात असं धरतो की मूळ अर्थ पायांनी पळणं, आणि बाकीचे सगळे त्यावरून ओढून-ताणून काढलेले. पण शब्दाचा इतिहास तसं म्हणत नाही. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'रिन्नन' असं होतं आणि त्याचा अर्थ पळणं होता तसाच वाहणंही होता. त्याची जर्मन बहीण 'रिनेन' आजही पाणी ओघळण्यासाठीच वापरतात, पळण्यासाठी तिथे वेगळं 'रेनेन' आहे. इंग्रजीत नाक 'रन' होतं, नळ 'रन' होतो, नदी 'रन' होते, तेव्हा त्यांना कुणी पाय लावलेले नसतात. तो त्या शब्दाचा पहिल्यापासूनचा अर्थ आहे. तुमच्या टॉवेलचा रंगही त्याच घरातला. तो पाण्याबरोबर वाहतो.

आणि ताई, हे वाचून मी थांबलो, कारण आपल्याकडेही असंच आहे. आपलं 'धावणे' संस्कृत 'धाव्' धातूवरून आलं. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिला आहे, 'धावु गतिशुद्ध्योः'. गती आणि शुद्धी. म्हणजे धावणं आणि धुणं, दोन्ही. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात सोमरस धावतो, तो गाळणीतून वाहतो या अर्थी. 'धौत' म्हणजे धुतलेलं हे याच धातूचं रूप, आणि आपलं धुणं, धोबी, धोतर ही सगळी त्याच गोतावळ्यातली माणसं. संगणकानं लिहिलेल्या 'रंग धावू शकतात, वेगळे धुवा' या वाक्यात 'धावणे' आणि 'धुणे' शेजारी शेजारी आले, ते धातुपाठाच्या हिशेबानं एकाच मुळाचे निघाले. तरी ते वाक्य मराठीत चुकीचंच. मुळात काय होतं यावर शब्द चालत नाही, आज लोक कसा बोलतात यावर चालतो. मराठीनं वाहण्याचा अर्थ 'धावणे'कडून केव्हाच काढून घेतला आणि 'वाहणे'ला दिला.

वरच्या परिच्छेदात मी 'शब्द चालत नाही' असं लिहून गेलो. ते इंग्रजीत लिहायचं असतं तर कदाचित 'रन'च लागलं असतं. इंग्रजी जिथे जिथे पळते, तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. लूम रन होतो, आपला माग चालतो. कारखाना रन करतात, आपण चालवतो. घर चालतं, दुकान चालतं, भिशी चालते, नाटकाचा प्रयोग चालतो, खटला चालतो. एखादा गुण इंग्रजांच्या घराण्यात 'रन' होतो, आपल्या घराण्यात तो 'चालत आलेला' असतो. मोबाइलवरचं ॲप चालतं. आणि आपल्या चालण्यातही पाय फारसे नाहीत. 'चल्' म्हणजे हलणं, जागचं सरकणं. म्हणून तर 'आज चहा नसला तरी चालेल' हे आपण बसल्या जागी म्हणतो, आणि या 'चालेल'ला इंग्रजीत रन मुळीच चालत नाही. तिथे ते 'डू' वापरतात.

मागाच्या बाबतीत मात्र एका ठिकाणी उलटं झालं आहे. पूर्वी विणकर धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारं मागाचं साधन, एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा. पन्हा मोठा असला तर दोन माणसं लागायची. १७३३ मध्ये जॉन के या इंग्रजानं दोरीच्या हिसक्यानं धोटा इकडून तिकडे जाईल अशी युक्ती काढली. इंग्रजीत त्या धोट्याला 'फ्लाइंग' म्हणाले, उडणारा. मराठीत त्याला नाव पडलं धावता धोटा. एरवी इंग्रजी धावते तिथे चालणारे आपण, इथे ती उडाली तेव्हा धावलो. मला हे नाव मूळ नावापेक्षा सरस वाटतं. धोटा उडत नाही, ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून घसरत इकडून तिकडे पळतो, आणि ज्यानं हे नाव दिलं त्यानं ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आता तुमच्याकडे रेपियर लूम असतील तर त्यात धोटाच नसतो, पण जुन्या पॉवरलूमच्या शेडजवळून जाताना जो खटखटाट ऐकू येतो, तो त्याचाच.

'धाव' हे नामही आपण असंच कामाला लावलेलं आहे. बैलगाडीच्या चाकाला बसवायची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. विहिरीवर मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात तीही धाव. मोट गेली, लोखंडी धावेची जागा रबरी टायरनं घेतली, म्हणून हे दोन अर्थ तुमच्या वयाच्या माणसांना ठाऊक नसतात. क्रिकेटमधली धाव तेवढी राहिली.

गाड्यांचं जरा चमत्कारिक आहे. वर्तमानपत्रात 'सोलापूर-मुंबई वंदे भारत धावणार' असंच छापून येतं, २०२३ मध्ये ती सुरू झाली तेव्हाही तसंच आलं. पण स्टेशनवर उभा असलेला माणूस विचारतो, 'सिद्धेश्वर सुटली का?' नळालाही आपण तेच विचारतो, 'पाणी सुटलं का?' जिथे पाणी काही दिवसांआड येतं तिथे हे वाक्य किती घाईनं विचारलं जातं, ते तुम्हाला सांगायला नको. आणि रस्ता तर आपल्याकडे धावतही नाही, चालतही नाही. तो विजापूरला 'जातो'.

उरलेल्यांतले रोज भेटणारे काही सांगतो, बाकी शब्दकोशावर सोडू. सूत संपलं की इंग्रजीत 'रन आउट' झालं. बाजारात अचानक कुणाची गाठ पडली तर 'रन इन्टू'. ताप आपल्याला येतो, त्यांना तो 'रन' होतो. बँक बुडणार अशी हूल उठून ठेवीदारांची झुंबड उडाली तर तो बँकेवरचा 'रन'. निवडणुकीला अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, इंग्लंडमध्ये तो 'स्टँड' होतो. आपला उमेदवारही उभाच राहतो, तेव्हा या बाबतीत आपण इंग्लंडच्या बाजूचे.

यातला एक अर्थ मात्र तुमच्या रोजच्या ऐकण्यातला आहे. साडीच्या दुकानात विचारतात ना, 'ब्लाउज रनिंग आहे का वेगळा?' साडीच्याच कापडात, तिथेच न तोडता पुढे विणलेला ब्लाउज पीस तो 'रनिंग'. कापड मोजतानाही रनिंग मीटर म्हणतात. इथे पळणंही नाही, वाहणंही नाही. मध्ये खंड न पडता पुढे जात राहणं, एवढंच उरलं आहे. माझ्या मते त्या ६४५ अर्थांतल्या बऱ्याच अर्थांना जोडणारा धागा हाच. पळणारा माणूस, वाहतं पाणी, चालू माग, विजापूरला जाणारा रस्ता, सलग विणलेला ब्लाउज पीस, सगळ्यांत एकच गोष्ट आहे: तुटत नाही, पुढे जातं. दुकानातल्या बायकांनी हा अर्थ कुठल्या शब्दकोशातून घेतला नाही, तरी तो अचूक वापरतात.

तुमच्याच धंद्यातला दुसरा एक शब्द याच्या जोडीनं बघा. दुकानदार सांगतो, 'फास्ट कलर आहे, गॅरंटी.' फास्ट म्हणजे वेगवान हेच आपण शिकलेलो. मग वेगवान रंग पळत कसा नाही? 'फास्ट'चा जुना अर्थ घट्ट, पक्का. त्या अर्थी पक्का रंग तो फास्ट रंग. घट्ट म्हणजे जोरानं, नेटानं, आणि नेटानं पळणारा तो वेगानं पळणारा, असा वेगाचा अर्थ त्यात मागाहून शिरला. उपासाला फास्ट म्हणतात तोही याच मुळाचा, नियम घट्ट धरून ठेवणं. माझी आई लाल कापड घ्यायचं झालं की दुकानातच रुमालाचं टोक ओलं करून त्यावर घासून बघायची. रुमाल गुलाबी झाला की ती 'कच्चा आहे' एवढंच म्हणायची. कच्चा आणि पक्का. चिठ्ठीच्या मराठीत 'फास्ट कलर'साठी 'पक्का रंग' लिहा, दुसरं काही शोधू नका. फक्त एकाच टॉवेलवर 'पक्का रंग' आणि 'रंग सुटतो' अशा दोन्ही चिठ्ठ्या लागणार नाहीत, एवढं बघा.

तुम्ही शेवटी जाता जाता विचारलं आहे की यादीत 'टेबल रनर' असा एक माल आहे, त्याला मराठीत काय लिहू. टेबलाच्या मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरायची ती अरुंद लांब पट्टी. टेबलाच्या लांबीभर सलग जाते म्हणून ती रनर, म्हणजे पुन्हा रनिंग ब्लाउजचाच अर्थ. मी 'टेबलपट्टी' लिहीन. गळपट्टी, कानपट्टी असे शब्द आपल्याकडे आहेतच, त्यांच्या रांगेत ही सहज बसेल. पण तुमच्या शिवणविभागात बायका तिला आधीच काही म्हणत असतील. तसं असेल तर माझा शब्द राहू द्या, त्यांचा लिहा, आणि काय म्हणतात ते मलाही कळवा.