ओसीआय कार्ड असलेल्या ताईचं नाव सातबारावर लागतं का? आणि इतर प्रश्न

ओसीआयवर (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) प्रश्न मागवले आणि इनबॉक्स भरला, त्यातले काही निवडून घेतोय. आधी एक क्लिअर करतो, हे दुहेरी नागरिकत्व नाहीये. 2005 साली कायद्यात दुरुस्ती होऊन हे कार्ड आलं तेव्हापासून लोक तसं समजून बसलेत आणि एजंट लोकही खुशाल तसंच सांगतात. प्रत्यक्षात हा आयुष्यभराचा व्हिसा आहे, कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलिसात नोंद करायची भानगड नाही, आणि पैसा, फ्लॅट, शिक्षण यात बऱ्यापैकी एनआरआयसारखी वागणूक. पण मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही.

प्रश्न : वडील वारले, साडेचार एकर जमीन आहे. ताई अमेरिकेत असते, तिकडची सिटिझन झाली, ओसीआय कार्ड आहे. गावात सगळे म्हणतात की आता तिचं नाव सातबाराला लागणार नाही, हक्कसोड करून घ्या. खरं का? (सांगली जिल्हा)

उत्तर : नाही. ओसीआयवाल्याला शेतजमीन *विकत घेता* येत नाही, मळा नाही, फार्महाऊस नाही, बक्षीसपत्रानेही नाही. पण वारसाहक्काने आलेली जमीन चालते, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगीसुद्धा लागत नाही. पासपोर्ट बदलला म्हणून मुलगी वारस राहत नाही असं कुठल्याच कायद्यात नाही. तेव्हा तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करताना ताईचं नाव घालाच, वगळलंत तर पुढे फेरफारावर हरकत येईल ती वेगळी आणि नातं जाईल ते वेगळं. तिला स्वतःहून हक्क सोडायचा असेल तर तो तिचा प्रश्न, पण "कायद्यानेच तुला मिळत नाही" असं सांगून सही घेऊ नका, (तुम्ही घेताय असं म्हणत नाही, पण अशी प्रकरणं पुष्कळ होतात).

उद्या तिला तिचा हिस्सा विकायचा झाला तर गिऱ्हाईक भारतात राहणारं पाहिजे आणि महाराष्ट्रात ते शेतकरी पाहिजे, नाहीतर कलेक्टरची परवानगी. पैसे तिच्या एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्यांचं इथलं रुपयांतलं बँक खातं) येतील, तिथून टॅक्स भरून, कागदपत्रं देऊन एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, साडेचार एकरातल्या हिश्श्याला तेवढी मर्यादा भरपूर झाली. ती येऊ शकत नसेल तर तिकडच्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करून पाठवू दे, आणि ते इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टँप ड्युटी भरा, हे लोक हमखास विसरतात.

प्रश्न : मुलगा आणि मुलगी दोघांचा जन्म कॅलिफोर्नियातला, आता आम्ही पुण्यात. मुलाचं कार्ड 2008 चं, मुलीचं सप्टेंबर 2021 चं. दोघांनाही मेडिकलची नीट परीक्षा द्यायचीये. जनरल सीट मिळेल का?

उत्तर : एकाच घरात दोन नियम, असं झालंय खरं. 4 मार्च 2021 ला केंद्राने नोटिफिकेशन काढलं की ओसीआय विद्यार्थ्यांना नीट, जेईईमधून फक्त एनआरआय किंवा सुपरन्युमररी (ठरलेल्या जागांवरच्या जादा) सीटवर प्रवेश, भारतीय नागरिकांसाठीच्या सीटवर नाही. पोरं इथेच शाळा शिकलेली, पालक कोर्टात गेले, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे नोटिफिकेशन पुढच्यांना लागू, ज्यांची कार्डं त्या तारखेच्या आधीची आहेत त्यांचा आधीचा हक्क शाबूत. म्हणजे मुलगा जनरलमध्ये बसतो, मुलगी नाही. मला हे पटत नाही, कार्ड कधी हातात आलं यावर पोरीचं करिअर ठरावं हे विचित्रच आहे, पण आज नियम हा आहे. मुलाचं कार्ड मध्ये रीइश्यू केलं असेल तर जुन्या कार्डाची झेरॉक्स जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच. मुलीसाठी एनआरआय सीटच्या फीचा हिशोब आत्ताच करून ठेवा. राज्याच्या कोट्यात डोमिसाईलच्या अटी वेगळ्या असतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक दोघांसाठीही नीट वाचा.

प्रश्न : पोर्तुगीज पासपोर्ट काढलाय, पण गावच्या मतदार यादीत नाव अजून आहे. मत दिलं तर चालेल? (बार्देश, गोवा)

उत्तर : अजिबात नको. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, यादीत नाव राहिलं म्हणून ते परत येत नाही. फॉर्म 7 भरून नाव काढून घ्या, भारतीय पासपोर्ट जमा करा, मग ओसीआयला अर्ज करा. मूळचे गोव्याचे आणि त्यांची मुलंबाळं त्यात बसतात.

प्रश्न : नातू सुट्टीला येतोय, त्याला वेरूळ दाखवायचंय. तिकीट फॉरेनरचं का?

उत्तर : कार्ड दाखवलं की आपल्याइतकंच, म्हणजे खिडकीवर 600 च्या ऐवजी 40. विमानाच्या देशांतर्गत भाड्यालाही तेच. मात्र हिमालयात गिर्यारोहण मोहिमेला जाणार असेल तर आधी परवानगी लागते, पत्रकारिता, संशोधन यांनाही लागते.

प्रश्न : मॉरिशसला आमचे मराठी नातेवाईक आहेत, पूर्वज कधीच गेलेले. त्यांना मिळेल?

उत्तर : एरवी पणतवंडापर्यंतच मिळतं, पण मॉरिशससाठी मार्च 2024 मध्ये सातव्या पिढीपर्यंत सवलत जाहीर झाली. खरी अडचण कागदांची, पूर्वज इथूनच गेले हे दाखवणाऱ्या नोंदी तिकडच्या दप्तरात शोधाव्या लागतील.

प्रश्न : आई लंडनला असते, वय 72, नवीन ब्रिटिश पासपोर्ट आला. कार्ड परत काढायचं का?

उत्तर : पन्नाशीनंतरच्या पहिल्या नव्या पासपोर्टाची माहिती अपलोड करायची असते, तेवढं आधी झालं असेल तर आता काहीच नको. राहिलं असेल तर ओसीआयच्या साईटवर नवीन पासपोर्टची कॉपी आणि फोटो टाका. हे फुकट होतं, त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका.