कॅलिफोर्नियात भाडेनियंत्रण वाढवायचे प्रस्ताव लोकांच्या मतदानात दरवेळी का पडतात? आणि सॅन होजेत घरमालक भाडं किती वाढवू शकतो?

वाद टक्केवारीचा वाटतो, पण खरा अडतो तो रिकाम्या घरावर. १९९५ च्या कोस्टा-हॉकिन्स कायद्याने शहरांचे हात तीन ठिकाणी बांधलेत: फेब्रुवारी १९९५ नंतरच्या इमारती, स्वतंत्र घरं आणि कॉन्डो (मालकीचे फ्लॅट), आणि भाडेकरू आपणहून गेल्यावर लावायचं नवं भाडं. तिसरी गाठ सगळ्यात घट्ट. घर रिकामं झालं की मालक बाजारभाव लावतो, म्हणून जुना भाडेकरू जावा असं त्याला वाटणारच.

२०१८ चा प्रस्ताव क्रमांक १० आणि २०२४ चा क्रमांक ३३ हा कायदाच रद्द करणार होते. २०२० चा क्रमांक २१ त्यामानाने मवाळ होता. तिन्ही साधारण साठ टक्के विरोधी मतांनी पडले. विरोधकांच्या हातात स्टॅनफर्डचा अभ्यास होता: सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ साली छोट्या जुन्या इमारती नियंत्रणाखाली आल्या, तेव्हा भाडेकरू टिकले, पण मालकांनी भाड्याची घरं सुमारे १५ टक्क्यांनी कमी केली. माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. प्रचारात मात्र एकच ऐकू येते. (मुंबईच्या पागडीशी तुलना करू नका. तिथे भाडी १९४० च्या पातळीवर गोठली होती, इथे दरवर्षी वाढतात.)

आता सॅन होजेतल्या तुमच्या भाड्याचं. आधी इमारतीचं वर्ष बघा. ७ सप्टेंबर १९७९ पूर्वीची, तीन किंवा जास्त घरांची असेल तर सॅन होजेचा नियम: वर्षाला ५ टक्के. म्हणजे समजा भाडं महिना २,८०० डॉलर असेल, तर जास्तीत जास्त २,९४०. त्यानंतरची, पण १५ वर्षांहून जुनी असेल तर राज्याचा २०१९ चा कायदा: ५ टक्के अधिक महागाई, कमाल १०. महागाई ३ टक्के धरली तर ३,०२४. हा कायदा २०३० च्या सुरुवातीला संपतो.

फसगत होते ती स्वतंत्र घरात. मालक कंपनी नसेल तर ते घर राज्याच्या मर्यादेतून सुटतं, पण तशी सूचना मालकाने लेखी दिलेली असायला हवी. जुलै २०२० नंतरच्या भाडेकरारात ती करारातच लागते. नसेल तर सवलत नाही. बरेच जण ते पानच वाचत नाहीत.

वाढीची नोटीस लेखी लागते, हातात किंवा टपालाने: १० टक्क्यांपर्यंत ३० दिवस आधी, त्याहून जास्त असेल तर ९० दिवस. नुसता मेसेज चालत नाही.