किराणा दुकानापुढे फटाक्यांचा स्टॉल लावता येतो का? उरलेला माल घरी ठेवला तर चालेल का?

तुम्ही पारोळ्याहून विचारलंय: किराणा दुकान आहे, वर स्वतःचं राहतं घर आहे, दिवाळीत ओट्यावर फटाके मांडायचेत, परवाना कुठून काढायचा, माल किती ठेवता येतो आणि उरला तर मागच्या खोलीत ठेवला तर चालेल का. मी अमळनेरला गेली चौदा वर्षं दिवाळीचा गाळा लावतो. वकील नाही, पण दर वर्षी कचेरीत हेलपाटे घालून जे कळलं ते सांगतो.

ओट्याचा विचार डोक्यातून काढून टाका. स्फोटक नियम 2008 मध्ये सणापुरत्या दुकानांसाठी वेगळा नियम आहे, 84 क्रमांकाचा. त्यात राहती घरं, शाळा, दवाखाना, देऊळ अशा ठिकाणांपासून गाळा किमान 50 मीटर लांब हवा असं स्पष्ट लिहिलंय. तुमच्या तर गाळ्याच्या डोक्यावरच घर आहे. बाजारपेठेत 50 मीटर मोकळे मिळणार कुठून? म्हणूनच नगरपालिका गावाबाहेरच्या मैदानावर जागा आखून देते आणि गाळे तिथे लागतात. धंदा कमी होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. फटाके घ्यायला लोक पोरांना घेऊन मुद्दाम येतात, किराण्यासारखं जाता जाता कोणी घेत नाही.

मैदानावरचे बाकीचे नियमही ऐका. दोन गाळ्यांत 3 मीटर अंतर. गाळ्यांची तोंडं समोरासमोर नकोत. एका ठिकाणी जास्तीत जास्त 50 गाळे. गाळा न पेटणाऱ्या साहित्याचा, म्हणजे पत्र्याचा. आपल्याकडे मंडपवाला बांबू ठोकतो, वर कापड ताणतो आणि ‘होऊन जाईल भाऊ’ म्हणतो. होऊन जात नाही, तपासणीला साहेब आले की पहिलं बोट त्या कापडावरच जातं. मधल्या 3 मीटरांत दुपारनंतर कोणी ना कोणी रिकामी खोकी रचतो, गाडी लावतो, चहाची टपरीसुद्धा घुसते. ते अंतर ठेवलंय ते एक गाळा पेटला तर दुसरा वाचावा म्हणून. तिथे खोकी रचली की आगीला पूल बांधून दिल्यासारखं. गाळ्यांपासून 50 मीटरच्या आत फटाका वाजवूनही दाखवायचा नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो ‘एक लावून दाखव ना’.

दिव्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे मी स्वतः चुकलो होतो. कंदील, गॅसबत्ती, मेणबत्ती काही चालत नाही. वीज चालते, पण दिवा भिंतीला किंवा छताला पक्का बसवलेला हवा, वायरला लोंबकळणारा नको. बटणंही भिंतीला पक्की, आणि गाळ्यांच्या प्रत्येक रांगेला एक मुख्य स्विच. पहिल्या वर्षी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या गाळ्यात दोनशेचा पिवळा बल्ब वायरवर टांगलेला होता, वारा आला की झोके घ्यायचा. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी एका मुलाने रॉकेट हातात घेतलं आणि ‘एवढं वर जातं का?’ म्हणत काठी वर केली. काठी बल्बला लागली. फट् आवाज झाला आणि काचा भुईचक्रांच्या उघड्या खोक्यात पडल्या. मी खोकं उचलून बाहेर पळालो. मैदानात उभं राहून मोबाइलच्या उजेडात एकेक काच वेचली, तेव्हा एका भुईचक्राच्या कागदावर तुरीच्या डाळीएवढा करपलेला डाग दिसला. तेवढ्यावरच भागलं. दुसऱ्या दिवशी पत्र्याला पट्ट्या मारून नळीचा दिवा बसवून घेतला.

परवान्याचं असं. हा परवाना जिल्हाधिकारी देतात, म्हणजे तुमच्यासाठी जळगाव. अर्ज मात्र बहुधा तहसील किंवा प्रांत कचेरीमार्फत जातो. पोलीस ठाण्याचा आणि नगरपालिकेचा ना-हरकत दाखला, जागेचा नकाशा, ओळखपत्र, फी भरल्याचं चलन अशी कागदं लागतात. परवाना त्यावर लिहिलेल्या जागेपुरता, तारखांपुरता आणि वजनापुरताच असतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातलं वजन 100 किलो फटाके आणि त्याशिवाय 500 किलो ‘चायनीज क्रॅकर्स’ व फुलबाज्या. हे नाव वाचून अनेक जण घाबरतात. तो चीनचा माल नव्हे, लवंगीसारख्या बारीक फटाक्यांना नियमात दिलेलं ते जुनं नाव आहे. खरोखर परदेशातून आलेला फटाका कोणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका.

पुढे कधी बारमाही दुकान करायचं ठरवलंत तर ते प्रकरण वेगळं. पक्कं बांधकाम, तळमजला, क्षेत्र 9 ते 25 चौरस मीटर, वर कोणी राहत नको, जिन्याखाली नको, बाहेर उघडणारी दारं आणि निसटायला वेगळा रस्ता. तुमची सध्याची इमारत तिथेही बसत नाही, म्हणून फार लिहीत नाही.

माल कोणता घ्यायचा? सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या ऑक्टोबरमध्ये बेरियमचे क्षार असलेले फटाके आणि लांबलचक माळा बंद केल्या, ऑनलाइन विक्रीही बंद केली. विकायचे ते हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणारे फटाके. त्यांची सूत्रं आपल्या नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेत तयार झाली, आणि स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्य कार्यालय हेही नागपुरातच. खोक्यावर नीरीची खूण आणि क्यूआर कोड बघून घ्या. आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल आहे. घाऊक व्यापाऱ्याकडून पक्कं बिल घ्याच. साठ्याची तपासणी झाली की ते बिलच तुमच्या बाजूने बोलतं. माल आणायचा तो त्याच्याच गाडीने. खोकं पिशवीत घालून एसटीत किंवा भुसावळच्या पॅसेंजरमध्ये चढू नका. रेल्वेत धोकादायक माल नेला तर 1989 च्या रेल्वे कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उरलेला माल मागच्या खोलीत ठेवायचा नाही. परवान्याची तारीख संपली की तोच माल विनापरवाना साठा होतो, आणि स्फोटक कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. पण कायदा बाजूला ठेवा. माझ्या मामांचं चोपड्याकडे धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर होतं. एका वर्षी दीड खोकं अनार उरले, मामांनी ते माळ्यावर टाकले, पुढच्या दिवाळीला कामी येतील म्हणून. पावसाळ्यात धाबं गळलं. नवरात्रात खोकं उघडलं तर अनारांच्या बुडाला पांढरी खरपुडी धरलेली. मामांनी धाब्यावर गोणपाट अंथरून ते मिरच्या वाळवतात तसे पसरले. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. दुपारी मामी मिरच्या हलवायला वर गेल्या आणि ओरडल्या, “आवं, हे तापलं बघा!” मी वर जाऊन एका अनारावर पालथा हात धरला तर तव्याजवळ हात नेल्यासारखी धग. नुसत्या उन्हाची ती नव्हती. चकाकीसाठी घातलेली ॲल्युमिनियमची पूड ओल धरली की आतल्या आत तापू शकते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. गोणपाट चारी कोपऱ्यांना धरून आम्ही ते खळ्यात मधोमध नेऊन ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. शेजारी कडब्याची गंजी होती.

म्हणून पहिल्या वर्षी माल कमीच भरा. माल उचलतानाच व्यापाऱ्याशी न उघडलेली खोकी परत घेण्याचं ठरवून बिलावर लिहून घ्या. ज्यांच्याकडे गोदामाचा परवाना आहे ते घेतात, थोडे पैसे कापतात, कापू द्या. ओला झालेला माल वाळवू नका आणि विकू तर नकाच.

गाळ्यात वाळूच्या बादल्या, पाण्याचं पिंप आणि अग्निशामक नळकांडं ठेवा. पुतण्याला मदतीला घेणार असं लिहिलंय तुम्ही. तो अठराच्या आत असेल तर त्याला उभं करू नका. रात्री गाळ्यात झोपायची पद्धत आहे आपल्याकडे. राखणीला बाहेर खाट टाका, बिडी ओढणारा राखणदार नको.

अर्जाची मुदत सहसा दसऱ्याच्या मागेपुढे असते, पण तारीख दर वर्षी बदलते, म्हणून गणपती उठले की तहसील कचेरीत एक चक्कर मारून या.