‘देवीला विचारून सांगते’

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. चिडली आहेस हे पहिल्या ओळीतच कळलं. तू कोल्हापूरला आज्जीकडे आलेली असताना गावाकडच्या जमिनीसाठी तो एजंट घरी आला, चहा झाला, त्यानं स्टॅम्पपेपर टीपॉयवर मांडला, इसाराचे पैसे रोख काढून ठेवले, आणि आज्जी म्हणाली, ‘अंबाबाईला विचारल्याबिगर मी सही करत नसते.’ तो गेल्यावर तू मला विचारलंस, की आयुष्यभर दुकानाचा हिशेब पै-पैचा ठेवलेली बाई जमिनीचा व्यवहार देवीला कसा काय विचारते? आणि देवी सांगते कशी? शिवाय हे सगळं स्टुटगार्टमधल्या मैत्रिणींना कसं समजवायचं?

मैत्रिणींचं तुझं तू बघ. बाकीचं सांगतो.

आज्जीचं माहेर भुदरगड तालुक्यातलं, घाटाच्या तोंडाशी. घाटाखाली कोकणात आहे तशी तिथंही ग्रामदेवतेला कौल लावायची रीत. लहानपणी सुट्टीत मी ते मन लावून बघायचो. गुरव देवीचा पाषाण धुतो, भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतो आणि विचारणाऱ्याच्या वतीनं प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे कर. डावी पडली तर थांब. कधी कधी बराच वेळ काहीच पडत नाही. मग सगळे तिथंच बसून राहतात, तंबाखू मळतात, पावसापाण्याचं बोलतात.

ओली आहे तोवर पाकळी चिकटते आणि वाळली की सुटते, हे तू म्हणणारच. मीही म्हणालो होतो. आज्जीचं म्हणणं, वाळवणारी आईच. यावर आमचं भांडण कधी झालं नाही, कारण मला त्या पाकळीपेक्षा तिच्या आधी जे घडायचं त्यात जास्त गंमत वाटायची. गुरवाला मोघम प्रश्न चालत नसे. ‘माझं बरं होईल का?’ असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, ‘असलं नव्हं. काय करणार हाईस ते बोल.’ मग कुणाला विकणार, कितीला, कधी, हे सगळं मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि मागं भाऊ, चुलते, भावकी बसलेली. एकदा एक जण भागीत ट्रक घ्यायचा म्हणून आला होता. गुरवानं विचारलं, ‘पैसा कुणाचा?’ तो गप्प. बायकोकडं बघितलं, तिनं मान खाली घातली. ‘पुढच्या आठवड्यात येतो,’ म्हणाला आणि उठला. त्या दिवशी पाकळ्या लावायची वेळच आली नाही.

कोल्हापुरात आल्यापासून आज्जीनं कौल वगैरे सोडलं. आता ती शुक्रवारी महाद्वारातून आत जाते, रांगेत उभी राहते, समोर आली की मनातलं बोलते आणि घरी येऊन झोपते. सकाळी उठून जे वाटेल ते तिचं उत्तर. तू नेमकं काय मागतेस, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, ‘मागायचं काय त्यात? एवढंच म्हणते, हाव सुटली असली तर दाखव, आणि समोरच्याच्या पोटात काय हाय ते कळू दे.’

आबांची तऱ्हा वेगळी होती. ते अंबाबाईपेक्षा जोतिबाचे. मोठा निर्णय असला की माघातल्या खेट्यांपर्यंत लांबवायचे. सलग पाच रविवार, अनवाणी, पंचगंगेपासून वडणगे, निगवे, कुशिरे करत डोंगर चढायचा. जोतिबा रुसून निघाला तेव्हा त्याला परत आणायला अंबाबाई कोल्हापूरहून अनवाणी चालत गेली, अशी कथा आहे, म्हणून हे खेटे. पाच रविवार म्हणजे महिनाभर. पहिल्या खेट्याला ज्या गोष्टीसाठी जीव टाकत असायचे, ती पाचव्यापर्यंत कितीदा तरी त्यांच्या तोंडातूनच निघून जायची. चांगभलं म्हणून घरी यायचे आणि विषय बंद.

आता तू राहतेस त्या देशाचं बघ. जर्मनीत एखाद्या कंपनीकडून फ्लॅट घ्यायचा तर नोटरीला कराराचा मसुदा साधारण दोन आठवडे आधी आपल्या हातात द्यावा लागतो. ऑनलाइन घेतलेले बूट आवडले नाहीत तर १४ दिवसांत परत. हे कायद्यानं घातलेले खेटेच की! माणूस भरात सही करतो आणि मग डोकं धरून बसतो, हे तिथल्या सरकारलाही ठाऊक आहे.

त्या एजंटानं काय सांगितलं, तूच लिहिलंयस: ‘काकी, आजच करून टाका, उद्या दुसरी पार्टी येणाराय.’ घाई हेच त्याचं सगळं भांडवल. भारतात सध्या पोलीस असल्याचं सांगून ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली जे लुटतात त्यांचंही तेच. व्हिडिओ कॉल बंद करू नका, कुणाला सांगू नका, आत्ताच पैसे पाठवा. मुळात असली अटक कायद्यात नाहीच. (असा फोन आला तर बंद करायचा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं, हे आज्जीच्या फ्रीजवर लिहून चिकटव.) देवळातून येईपर्यंत थांबा म्हटलं की असल्या माणसाचं गणित कोलमडतं.

आणि एक बघितलंस का? आज्जी नुसती ‘नको’ म्हणाली असती तर तो तासभर वाद घालत बसला असता. भाव वाढवला असता, वर ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणून रुसला असता. पण कोल्हापुरात बसून ‘अंबाबाईला कशाला विचारता’ असं म्हणायची छाती कुणाची आहे?

सगळंच छान आहे असं नाही हं. मुलगी आवडली नाही, हुंड्यावर जमलं नाही, हे तोंडानं सांगायचं नसलं की ‘कौल आला नाही’ म्हणून मोकळं होणारी माणसं मी पाहिली आहेत. स्वतःचा भ्याडपणा देवाच्या माथी मारायचा, त्याची मला चीड आहे. दुखण्याचं मात्र आज्जी कधी देवीला विचारत नाही. ताप आला की आधी डॉक्टर, मग अंगारा. आणि ‘देवी माझ्या तोंडून बोलते, एवढे पैसे ठेव’ म्हणणारा दारात आला तर ती त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही. देवाच्या नावानं गंडवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रानं २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. आज्जीचा कायदा त्याहून जुना.

त्यावर ती शाहू महाराजांची गोष्ट सांगते. खरीखोटी महाराजांना ठाऊक, पण कोल्हापुरात घरोघर सांगतात. एक नामांकित ज्योतिषी दरबारात यायचा होता. महाराजांनी त्याला वाटेतच धरून कोठडीत ठेवायला सांगितलं. नंतर समोर आणला तेव्हा तो रडकुंडीला आलेला. महाराज म्हणाले, ‘जगाचं भविष्य सांगता, आणि आज आपल्याला पकडणार हे तुम्हाला कळलं नाही?’ हे सांगून आज्जी खदखदून हसते, आणि संध्याकाळी देवीला जाते.

तर या शुक्रवारी तूही तिच्याबरोबर जा. सोमवारी काकाला घेऊन वकिलांकडे जायचंय. सातबारा आणि फेरफारचे उतारे ती काढून ठेवेलच. तो कागद खरोखर इसारपावतीचा होता की कुलमुखत्यारपत्राचा, हे आधी कळायला हवं, कारण कुलमुखत्यारपत्रावर सही झाली तर जमीन तिच्या नावावर राहून विकायचा अधिकार त्याच्याकडे जातो. कागदाचा फोटो काढायला गेलीस तेव्हा त्यानं तो पटकन उचलला, असं तू मेसेजच्या शेवटी सहज लिहून टाकलंयस. हे आज्जीला सांगितलंस का? नसशील तर शुक्रवारी देवळात जायच्या आधी सांग.

तुझा
बाबा