टॅब घ्यावा की ई-रीडर? आधी पुस्तक उघडून बघा

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच विषयावरची निघाली : टॅब घ्यावा की ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र. तेव्हा यावेळी बाकीचे प्रश्न मागे ठेवले आहेत. ते पुढच्या अंकात नक्की घेईन.

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. मी मराठीचा निवृत्त शिक्षक, वय ७२. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. घरच्या कपाटाला वाळवी लागली आणि दोनशेच्या वर पुस्तकं गेली. पनवेलचा मुलगा टॅब पाठवतो म्हणतो. सून म्हणते, बाबांना ई-रीडरच द्या, डोळ्यांना बरा. मला ज्ञानेश्वरी, तुकोबा आणि साने गुरुजी पुन्हा वाचायचे आहेत. एकच काय ते सांगा.
— एक वाचक, आंजर्ले

उत्तर : सर, वाळवीचं वाचून पोटात कालवलं. वाचनालयात २४ वर्षं काम केलं, त्यात एका श्रावणात बांधीव दिवाळी अंकांचे गठ्ठे काढायला गेले, तर वरचा पुठ्ठा धड आणि आत नुसती माती. तो पुठ्ठा उचलताना हाताला जो हलकेपणा लागला, तो मी विसरलेले नाही.

तुमच्यासाठी ई-रीडर. सूनबाईंचं बरोबर आहे आणि त्याचं कारण पडद्यात आहे. टॅबच्या पडद्यामागे दिवा असतो, म्हणजे अक्षरं वाचताना आपण उजेडाकडेच बघत असतो. ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत काळे-पांढरे कण. पांढऱ्यांवर एक विद्युतभार, काळ्यांवर उलटा. पान उलटलं की जिथे अक्षर हवं तिथे काळे वर येतात, बाकी ठिकाणी पांढरे. एकदा बसले की तिथेच राहतात, त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही. ओटीवर बसून आपण छापील पान जसं बाहेरच्या उजेडात वाचतो तसंच हे. रात्रीसाठी कडेला बारीक दिवे असतात, पण त्यांचा उजेड पडद्यावर पडतो, थेट डोळ्यांत येत नाही. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मात्र टक लावून बसलं की पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, ते कुठल्याही यंत्रावर होईल. अर्ध्या तासाने उठून अंगणात एक फेरी मारत जा.

आता खरी गोष्ट. मराठी वाचणाऱ्याने यंत्राच्या आधी पुस्तकाची फाइल बघावी. आपल्याकडची पुष्कळशी जुनी पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, आणि त्यातली कितीतरी म्हणजे पानांचे नुसते फोटो. फोटोतलं अक्षर एकट्याने मोठं होत नाही, अख्खं पान मोठं होतं आणि ते इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं. डेमी आकाराचं पुस्तक साडेआठ इंच उंच असतं आणि सहा इंची ई-रीडरचा पडदा पाच इंचांहूनही कमी उंच. म्हणजे अक्षर मूळच्या निम्म्याहून जरासंच मोठं दिसणार. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी ते वाचावं असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. दहा इंची टॅबवर तेच पान जवळजवळ मूळ मापाचं दिसतं.

मग तुम्हाला ई-रीडर का सांगते? तुम्हाला हवे असलेले लेखक बघून. भारतात लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी लेखन हक्कमुक्त होतं. आपल्या पालगडचे साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांचं आहे. ज्ञानोबा-तुकोबांच्या बाबतीत तर तो प्रश्नच नाही. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात असं साहित्य युनिकोडमध्ये, म्हणजे फोटो नव्हे तर खऱ्या अक्षरांत, टंकलेलं आहे आणि तिथून ते ई-पब या ई-पुस्तकाच्या फाइल-प्रकारात उतरवून घेता येतं. अशी फाइल पाण्यासारखी वाहती असते. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने बसतात.

मुलाला सांगा, पैसे भरण्याआधी कुणाच्या तरी ई-रीडरवर अशी एक फाइल उघडून बघ. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘विद्वत्ता’ हे शब्द शोध. ‘ऱ्या’ नीट जुळतो का, ‘द्व’ फुटून ‘द्’ आणि ‘व’ वेगळे पडतात का, ते बघ. ल आणि श हिंदी वळणाचे दिसण्याची शक्यता आहे. राज्य शासनाने २००९ साली मराठी वळणाची अक्षरं ठरवून दिली, तरी यंत्रांत अजून बऱ्याचदा हिंदी वळणच येतं. जन्मभर फळ्यावर मराठी ल काढलेल्या माणसाला ते खुपतं, मला माहीत आहे. काही ई-रीडरमध्ये आपला टंक (फॉन्ट) बाहेरून टाकता येतो. तशी सोय असलेलाच घ्या.

आणखी एक. तुम्ही आंजर्ल्याचे, तुम्हाला ३ जून २०२० काय सांगायचं! आमच्या केळशीच्या घराची अर्धी कौलं निसर्ग वादळात उडाली, पोफळी आडव्या झाल्या, पुस्तकांचं कपाट रात्रभर भिजलं. जवळजवळ महिनाभर वीज नव्हती. ई-रीडर मी आदल्या दिवशी चार्ज करून पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवला होता. फोन फक्त मुंबईला खुशाली कळवण्यापुरता चालू करायचो, तोही शेजाऱ्यांच्या गाडीवर चार्ज करून. संध्याकाळी माजघरात सासूबाई, शेजारच्या दोघी जावा आणि मुलं बसायची आणि मी वाचायची. तिसरा आठवडा लागला तेव्हा कुठे बॅटरीची खूण लाल झाली. टॅब असता तर सतत वाचून आठ-दहा तासांत संपला असता. सासूबाई एकदा म्हणाल्या, “सगळं गेलं गं, पण हे रोज संध्याकाळी असतं.” त्या आता नाहीत.

प्रश्न : ताई, मी एमपीएससीचा अभ्यास करते. बाबा ई-रीडर घेऊन द्यायला तयार आहेत, कारण टॅब आला की मी व्हिडिओ बघत बसेन असं त्यांना वाटतं. काय करू?
— एक वाचक, मालवण

उत्तर : बाळा, टॅबच घे. बाबांना हा अंक दाखव.

राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. ती मोठ्या पानांची आणि रंगीत आहेत. भूगोलाचा नकाशा काळ्या-पांढऱ्या सहा इंचांत बघून मृदेचे प्रकार लक्षात राहायचे नाहीत. प्रश्नपत्रिका, तक्ते, समासात स्वतःच्या हाताने केलेल्या खुणा, या सगळ्याला मोठा आणि चटकन हलणारा पडदा लागतो. ई-रीडरवर पान सरकवायला जो क्षणभर वेळ लागतो, तो कथा वाचताना कळत नाही, पण उजळणी करताना जीव खातो. बाबांची काळजी मात्र खोटी नाही. अभ्यासाच्या फाइली रात्रीच उतरवून ठेव आणि सकाळी विमान मोड लावून बस.

प्रश्न : आंब्याच्या हंगामात आमची रात्र बागेतल्या मांगरात राखणीत जाते. वाचायची आवड आहे, मोबाइल आहेच. वेगळं यंत्र घेण्याइतका फरक खरोखर पडतो का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : दादा, लगेच काही घेऊ नका. आहे त्या मोबाइलवर महिनाभर वाचून बघा. वाचनाचं ॲप टाका, अक्षर मोठं करा, पानाचा रंग फिकट पिवळसर ठेवा. महिन्यात दोन पुस्तकं पुरी झाली तर पुढचं बोलू. आवड आणि सवय यांत अंतर असतं, आणि ते भरून निघण्याआधी पैसे घालवू नयेत.

पण सवय लागली तर हो, फरक पडतो, आणि तुमच्या कामात तो इतरांपेक्षा जास्त पडेल. मांगरात मोबाइलचा पडदा उजळला की मिनिटभरात किडे जमतात, आणि मान वर करून बाहेर पाहिलं तर डोळ्यांसमोर काळोखी येते. राखणीच्या माणसाला ते परवडत नाही. ई-रीडरचा दिवा अगदी मंद ठेवूनही अक्षर स्पष्ट असतं. दुसरं, मोबाइलची बॅटरी रात्री वाचनात घालवली आणि पहाटे कुणाला हाक मारायची वेळ आली तर काय? आणि तिसरं दुपारचं. वैशाखात सड्यावर मोबाइल उघडला तर त्यात आपलंच तोंड दिसतं. ई-रीडर जितक्या लख्ख उन्हात धराल तितका ठळक दिसतो. फक्त वाचून झाल्यावर तो तापल्या कातळावर ठेवू नका, उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं.

खाऱ्या हवेचंही सांगते. माझ्या पहिल्या यंत्राच्या चार्जिंगच्या खाचेत दोन पावसाळ्यांत हिरवट गंज धरला आणि पिन बसेना. आता डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकते, बुटांच्या खोक्यात मिळतात त्या. खाच दमट वाटली तर वाळेपर्यंत वायर लावत नाही. काही ई-रीडर पाण्याला दाद देत नाहीत. खोक्यावर ‘आयपीएक्स ८’ असं लिहिलेलं असतं. पण ती चाचणी गोड्या पाण्याची असते. समुद्राच्या पाण्यात पडलाच तर आधी गोड्या पाण्याने धुवा, मग पुसून वाळवा.

प्रश्न : आमचं वाचनालय छोटं आहे. एका चाकरमान्याने देणगी दिली आहे. दोन ई-रीडर घेऊन त्यात पुस्तकं विकत घ्यावीत आणि सभासदांना घरी द्यावीत, असा ठराव आहे. आपलं मत कळवावं.
— एक कार्यवाह, राजापूर तालुका

उत्तर : कार्यवाह साहेब, कृपा करून हा ठराव थोडा थांबवा.

छापील पुस्तक आपण विकत घेतलं की ते वाचनालयाचं होतं. दाखल-नोंदवहीत क्रमांक पडतो, शंभर हातांत फिरतं, फाटलं तर आपण शिवतो. दुकानातून घेतलेलं ई-पुस्तक बहुतेक वेळा तसं आपलं होत नाही. आपण पैसे भरतो ते एका खात्यावर वाचण्याच्या परवान्याचे, आणि सहसा तो परवाना वाचनालयाने पुस्तक फिरवण्यासाठी दिलेला नसतो. खातं कुणाच्या नावाने उघडणार? आजच्या कार्यवाहांच्या? उद्या कार्यकारिणी बदलली, फोन नंबर बदलला, की दहा वर्षांची खरेदी त्या खात्यात अडकली. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून आहे. जवळजवळ २०० वर्षं ते टिकलं, कारण आधीच्या माणसांनी घेतलेली पुस्तकं पुढच्यांच्या हाती आली. आपलं वाचनालय छोटं असेल, पण हिशेब तोच ठेवायला हवा.

देणगीतून एक मोठा, दहा-अकरा इंची टॅब घ्या आणि तो वाचन कक्षातच ठेवा. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुष्कळशी प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत दिली आहेत. ती पीडीएफ आहेत, टॅबवर उत्तम दिसतात. ती उतरवून घ्या. हक्कमुक्त लेखकांचं जमवा. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क वाचनालयाबाहेर, कुणाच्या तरी माडीवरच्या कोरड्या कपाटात ठेवा.

उरलेल्या पैशांतून एक साधा स्कॅनर घ्या. तुमच्या भागातल्या शाळांची हस्तलिखितं, गावच्या उत्सवांच्या स्मरणिका, बंद पडलेली स्थानिक साप्ताहिकं दुसरीकडे कुठे मिळायची नाहीत, आणि ती दुकानातही कधी विकायला येणार नाहीत. ज्यांचे हक्क अजून कुणाकडे असतील त्यांची लेखी परवानगी घ्या. स्मरणिकांच्या बाबतीत मंडळं आनंदाने देतात, असा माझा अनुभव आहे. पान सपाट धरायचं कसं, फाइलला नाव कसं द्यायचं, हे मी चार दिवस येऊन दाखवीन. एसटीच्या भाड्याखेरीज काही नको. फक्त मृगाच्या आधी कळवा, एकदा हवा दमट झाली की जुनी पानं एकमेकांना चिकटतात आणि उलगडताना फाटतात.